या चुका टाळा : मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा

दात घासताना नळ बंद ठेवायचा, ही शिस्त आमच्या घरात लहान-थोर सगळेच पाळतात. तरी पाण्याचा वापर काही केल्या उतरेना. शेवटी एका रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा कागदावर लिहून ठेवला. सकाळी कुणी नळाला हात लावायच्या आत पुन्हा पाहिलं, तर आठ तासांत ९० लिटर पाणी गेलेलं. सगळं फ्लशच्या टाकीतून, गुपचूप.

पुढच्या पिढ्यांसाठी पाणी, माती, इंधन राखायची गोष्ट निघते तेव्हा आपलं बहुतेकदा असंच होतं. डोळ्यांना दिसतं तिथे आपण हात आखडतो आणि खरी नासाडी जिथे होते तिकडे फिरकतही नाही.

गळती न शोधता काटकसर

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला निदान चार लिटर पाणी घालवतो. त्याची टपटप ऐकू येते, म्हणून तो दुरुस्तही होतो. फ्लशची गळती मुकी असते. ती पकडायची तर टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि २० मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला, की समजा तळाचा रबरी वॉशर गेला. क्षार बसून तो कडक होतो आणि नीट टेकत नाही. आधी पुसून पाहा, नाहीतर बदला. दुसरं कारण म्हणजे फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, फार वर लावलेला असणं. मग पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून सतत वाहत राहतं. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली बोटभर तरी हवी. घरात पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल, तर मीटरऐवजी रात्री टाकीतल्या पातळीवर खूण करा.

मुद्दलाला व्याज समजणं

ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक. बोअर आटली की आणखी खोल जायचं, पाणी लागलं की सुटलो म्हणायचं. पण दरवर्षी पाऊस मुरून भरतं ते व्याज. फार खोलवरचं पाणी काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं असतं. ते उपसणं म्हणजे थेट मुद्दलात हात घालणं, आणि ते मुद्दल नातवंडांच्याही वाट्याचं आहे. आपण काय खातोय हे कळायला सोपी रीत आहे : विहिरीची किंवा बोअरची पातळी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी, एकाच सुमारास मोजून लिहून ठेवा. पाऊस ठीकठाक होऊनही चार-पाच वर्षांत आकडा खालीच सरकत असेल, तर उपसा कमी करायला हवा. त्यावर आणखी खोल बोअर हा इलाज नाही.

मुद्दल संपलं की काय होतं, ते मध्य आशियातल्या अरल समुद्राने दाखवलं. १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसासाठी वळवलं गेलं. जगातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक असलेला हा समुद्र आटत गेला आणि तळाची खारट धूळ वाऱ्यावर उडू लागली. २००५ मध्ये बांध घातल्यावर उत्तरेकडचा छोटा भाग सावरला. दक्षिणेकडचा बराचसा भाग वाळवंट झाला, तो झालाच.

बचत झाली म्हणून हात सैल सोडणं

विल्यम स्टॅनली जेव्हन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच हे मांडलं होतं : वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तशी ती जागोजागी बसली आणि एकूण कोळसा जास्तच जळू लागला. एलईडी दिव्यांचंही तसंच होतं. एकाच्या जागी चार लागतात आणि रात्रभर जळतात. नवं उपकरण घेतलं, की त्याच्यावरचे तारे मोजत बसू नका. गेल्या वर्षी याच महिन्यात किती युनिट जळले होते, ते बिलावर पाहा.

झाड लावून मोकळं होणं

फोटो रोपाचा निघतो, पण पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला कुणीतरी पाणी घालावं लागतं. किती लावली यापेक्षा तीन वर्षांनी किती उभी आहेत, हे विचारा. आणि माळरान म्हणजे ओसाड जागा नव्हे. गवताळ रानात एकाच जातीची झाडं कोंबली, तर तिथले पक्षी-प्राणीच बेघर होतात.

‘रिसायकल होईल की’

ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून बनवण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, हे खरं. पण प्रत्येक वस्तूचं तसं नसतं. मोबाइलच्या बाबतीत ऊर्जेचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्च झालेला असतो. म्हणून बॅटरी बदलून तोच आणखी दोन वर्षं वापरणं केव्हाही बरं.

पुनर्भरण केलं, पण गाळ विसरलो

१०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने १,००० लिटर पाणी होतं. ते जमिनीत सोडायची सोय हौसेने होते, पण पहिल्या सरीचं घाण पाणी वेगळं काढायचं राहून जातं. छतावरची धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा सगळं गाळणीच्या खड्ड्यात जातं. न गाळता थेट बोअरमध्ये सोडलं, तर खालचं पाणीही नासतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहा. झरझर उतरलं तर ठीक. वर तुंबून राहिलं तर वाळूचा वरचा वीतभर थर काढा, धुऊन पुन्हा पसरा आणि परत दोन बादल्या ओता.