ओव्हरटाइम मूळ पगारावर नाही, भत्त्यासकट

चाकणच्या कारखान्यात असताना, 2023 मध्ये, माझ्या पगारपावतीवर ओव्हरटाइमचा दर तासाला 90 रुपये लागायचा. मूळ पगार 9,360, महागाई भत्ता 5,200. महिन्याचे 26 दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे 208 तास. 9,360 भागिले 208 केले की 45 येतात, त्याची दुप्पट 90. दुप्पट दिलेली होती, पण भत्ता हिशेबात धरलाच नव्हता.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 59 काढून वाचलं. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांवर काम झालं तर दुप्पट दर, आणि दर काढताना मूळ पगारात भत्ते मिळवायचे. बोनस आणि ओव्हरटाइमची रक्कम तेवढी वगळायची. म्हणजे 14,560 भागिले 208, 70 रुपये. दुप्पट 140. दर तासाला 50 रुपये बुडत होते, आणि माझे एकट्याचे नव्हे, अख्ख्या शिफ्टचे.

पावत्या आणि हजेरीच्या फोटोंवरून तक्ता केला, आम्ही चौघांनी सह्या करून एचआरला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तोंडी बोलणं हवेत विरतं, म्हणून पोच हवीच. उत्तर येईना, तेव्हा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार केली. त्यानंतर दर सुधारला, फरकही खात्यात आला.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. दुप्पट दर तिथेही आहे, महागाई भत्ता वेतनातच धरलाय, आणि दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. जुन्या पावत्या टाकू नका.