डोकं झिजलेला किंवा तुटलेला छोटा स्क्रू कसा काढावा

पेचकस खाचेतून पहिल्यांदा घसरला की हात तिथेच थांबवा. त्या क्षणी खाच अजून बरीचशी शाबूत असते. आपण चिडून आणखी जोर लावतो आणि पुढच्या दोन-तीन झटक्यांत ती गुळगुळीत होते. इथून पुढचे उपाय मी मुद्दाम एका क्रमाने दिले आहेत: आधी जे केल्याने काहीच बिघडत नाही ते, आणि ज्यातून माघार नाही ते सगळ्यात शेवटी.

आधी बिट (पेचकसाचं टोक) तपासा

अधिक चिन्हासारखी दिसणारी प्रत्येक खाच फिलिप्स नसते. खाचेच्या चार फाट्यांमध्ये बारीक तिरप्या रेघा असतील तर तो पोझीड्राइव्ह. डोक्यावर एक लहानसा ठिपका असेल तर तो बहुधा जपानी जेआयएस पद्धतीचा. जपानी बनावटीच्या यंत्रांत असे स्क्रू सर्रास असतात आणि फिलिप्सचं टोक त्यांत पुरतं बसत नाही. दाभणाने खाचेतला मळ, रंग, गंज उकरून काढा. मग योग्य मापाचा बिट ठेवून मागून हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्या. बिट खोल बसतो, शिवाय त्या धक्क्याने आट्यांतला गंजही तडकतो. भाग नाजूक असेल, बेअरिंगजवळ किंवा ओतीव लोखंडाच्या पातळ कडेला असेल, तर ठोके टाळा.

जोर लावताना दाबण्याकडे जास्त आणि फिरवण्याकडे कमी लक्ष द्या. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे पीळ दिला की बिट आपोआप वर ढकलला जातो. खाच थोडीच झिजली असेल तर व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा ठिपका बिटच्या टोकाला लावा. त्यातले कण पकड देतात. रबरबँडचा तुकडा मध्ये ठेवायची युक्ती सैल स्क्रूवर चालते, जाम झालेल्यावर क्वचितच.

जाम कशामुळे झालाय ते ओळखा

गंज असेल तर गंज सोडवणारं पातळ तेल टाका आणि वाट पाहा. पाच मिनिटं नव्हे, काही तास. शक्य असेल तर रात्रभर. अधूनमधून डोक्यावर हलकं ठोका, म्हणजे तेल आत उतरतं.

आट्यांवर लॉकिंगचा (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावलेला) गोंद असेल तर तेलाचा उपयोग नाही, तिथे उष्णता हवी. निळा गोंद साध्या हत्यारांनी सुटतो. लाल मात्र साधारण २५० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. छोट्या स्क्रूसाठी सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक डोक्यावर अर्धा-एक मिनिट टेकवणं पुरतं. गरम असतानाच फिरवा.

अ‍ॅल्युमिनियमच्या भागात स्टीलचा स्क्रू अडकला असेल तर स्क्रूऐवजी भोवतालचा भाग तापवा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैलावतं. तापवण्याआधी तेल पुसून घ्या. इंधन, बॅटरी किंवा प्लास्टिक जवळ असेल तर उष्णतेचा नाद सोडा.

खाच पूर्ण गेली असेल तर

डोकं वर असेल तर लॉकिंग प्लायरने (आवळल्यावर घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) कडेने घट्ट पकडून फिरवा. पकड मिळत नसेल तर करवतीच्या पात्याने किंवा छोट्या कटिंग चकतीने डोक्यावर सरळ आडवी खाच पाडा आणि चपटा पेचकस लावा.

तेही जमलं नाही तर डोकं ड्रिलने उडवा. हा उपाय लोक घाबरून टाळतात, पण मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. सेंटर पंचने (टोकदार ठोकणीने) मधोमध खूण करा, स्क्रूच्या दांड्याइतक्या जाडीचं ड्रिल घ्या (एम३, म्हणजे ३ मिमी जाडीचा स्क्रू असेल तर ३ मिमी) आणि डोकं सुटेपर्यंतच खाली जा. स्क्रूचा बराचसा ताण डोक्याखालच्या घर्षणात असतो. डोकं गेलं की तो ताण संपतो, वरचा भाग उचलून बाजूला होतो आणि उरलेला दांडा पकडीने, कधी नुसत्या बोटांनीही फिरतो. डोळ्यांचा बचाव करणारा चष्मा घालूनच ड्रिल करा.

आत तुटून राहिलेला तुकडा

तुकडा पृष्ठभागाच्या आत असेल तर डाव्या फिरकीचं (उलट दिशेने फिरून कापणारं) ड्रिल वापरून पाहा. भोक पाडता पाडता तेच तुकडा बाहेर फिरवतं. एक्स्ट्रॅक्टरबद्दल (तुकड्यात भोक पाडून त्यात उलटं फिरवत घुसवायच्या हत्याराबद्दल) मात्र सावध राहा. तो कठीण पण ठिसूळ असतो, पाचरीसारखा घुसून तुकड्याला बाहेरच्या बाजूला ताणतो, आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही. एम४ पेक्षा लहान स्क्रूसाठी मी तो वापरतच नाही. त्याऐवजी बरोबर मध्य साधून टप्प्याटप्प्याने ड्रिल मोठं करत जा: एम३ साठी २.५ मिमी, एम४ साठी ३.३, एम५ साठी ४.२. मध्य चुकला नाही तर आट्यांत फक्त धातूची वेटोळी उरते. ती सुईने ओढून काढा आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा.

पितळी भागात स्टीलचा बारीक तुकडा असेल तर घड्याळजींची जुनी पद्धत आहे: तुरटीचं संपृक्त द्रावण. बाकीचे सगळे स्टीलचे भाग आधी काढा, नाहीतर तेही विरघळतील. पितळी भाग कोमट द्रावणात बुडवून ठेवा. स्टील हळूहळू काळं पडून झिजतं, पितळ शाबूत राहतं. काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

नवा स्क्रू घालताना जुनाच पुन्हा वापरायचा मोह नको. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू बसवत असाल तर आट्यांना थोडं अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं वंगण) लावा आणि आधी बोटाने दोन-तीन फेरे फिरवून तो सरळ लागलाय याची खात्री करा.