पॉम्पेई आणि नेपल्सचे संग्रहालय : दोन दिवसांत कसे पाहावे

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराला जाणारे बरेच पर्यटक सकाळी रोमहून निघतात, भर उन्हात भग्नावशेषांतून फिरतात आणि रात्री रोमला परततात. नेपल्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय त्यांच्या बेतात नसतेच. हा बेत अपुरा आहे, कारण १७४८ मध्ये उत्खनन सुरू झाल्यानंतर दीर्घकाळपर्यंत पॉम्पेईत जे जे उत्तम सापडले, ते भिंतींवरून कापून आणि जमिनीवरून उचलून अखेर याच संग्रहालयात आणले गेले. घरे एकीकडे आणि त्या घरांतील चित्रे, कुट्टिमे (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे, म्हणजे मोझेक) व भांडीकुंडी दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. म्हणून मुक्काम नेपल्सलाच ठेवावा. पहिला दिवस पॉम्पेईला द्यावा आणि दुसरा संग्रहालयाला. क्रम उलटा केल्यास संग्रहालयातील चित्रे नुसती सुंदर वाटतात, ती कोणत्या खोलीतून आली हे मनात उभे राहत नाही.

नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून सोरेंतोकडे जाणारी सर्कमव्हेसुव्हियाना लोकल पकडावी आणि ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरावे. पॉम्पेई नावाची इतर स्थानकेही आहेत, तेव्हा पूर्ण नाव वाचूनच उतरावे. मुंबईच्या लोकलमध्ये पाकीट जसे सांभाळतो, तसेच येथेही सांभाळावे. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा असून तिकीट नावानिशी मिळते. त्यामुळे ते आधीच ऑनलाइन काढावे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशीची गर्दी पाहता पैसे मोजलेले बरे.

स्थानकाजवळच्या पोर्ता मारिना दारातून आत शिरल्यावर थोड्याच वेळात फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, लागतो. येथे मार्गदर्शकांच्या टोळ्या एकमेकींना अडवत असतात, म्हणून फार रेंगाळू नये. पॉम्पेईचे खरे वैभव रस्त्यांत आहे. काळ्या लाव्हाच्या फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या दिसतात. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड बसवलेले आहेत आणि त्यांच्यामधील फटी चाके जातील एवढ्या ठेवलेल्या आहेत. कारंज्यांचे वाहून जाणारे पाणी रस्त्यावरूनच जात असे, त्यामुळे पादचाऱ्यांना या दगडांची गरज होती. कडेला तयार अन्न विकणाऱ्या दुकानांचे ओटे आहेत आणि त्यांत मातीची मोठी भांडी पुरलेली आहेत. एखाद्या बेकरीत भट्टीसमोर उभ्या असलेल्या लाव्हाच्या जात्यांजवळ मुद्दाम थांबावे, कारण इ. स. ७९ च्या उद्रेकात कोळसा झालेला गोल पाव, त्यावरच्या कापांच्या खुणांसह, दुसऱ्या दिवशी संग्रहालयात पाहायला मिळतो.

‘हाउस ऑफ द फॉन’मध्ये जमिनीवर अलेक्झांडर आणि इराणचा राजा दरायस यांच्या लढाईचे चित्र दिसते, ती प्रतिकृती आहे. १८३१ मध्ये सापडलेले मूळ कुट्टिम नेपल्सला आहे; मात्र अलीकडे त्याच्या जतनाचे काम हाती घेतलेले असल्याने ते पाहता येईल की नाही, याची आधी खात्री करावी. १८६३ पासून पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी मृतदेह कुजून राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांचे जे ठसे घेतले, त्यांच्यासमोर हसत सेल्फी काढणारे लोक भेटतातच. आपण तेवढे टाळावे. तटाबाहेरचा ‘व्हिला ऑफ मिस्टरीज’ शेवटी पाहावा, पण त्यासाठी पायांत बळ शिल्लक ठेवावे. सावली फार कमी आहे, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. बाटली आतल्या नळांवर भरून घेता येते.

संग्रहालय मंगळवारी बंद असते. तळमजल्यावरील फार्नेझे संग्रहातले हर्क्युलिस आणि बैलाचे अवाढव्य शिल्प ही रोममधील काराकालाच्या स्नानगृहांतून आलेली आहेत, त्यांचा पॉम्पेईशी संबंध नाही. ती जाता जाता पाहावीत आणि ताजी नजर कुट्टिमांसाठी व भित्तिचित्रांसाठी राखावी.

मराठी प्रवाशाने ‘गुप्त कक्ष’ मात्र चुकवू नये. हा कक्ष मुख्यतः कामविषयक कलाकृतींचा आहे, त्यामुळे मुले बरोबर असल्यास आधी विचार करावा. येथेच १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली, सुमारे पाव मीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती ठेवतात. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण अनेक अभ्यासकांच्या मते ती यक्षी असावी. भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन सेविका आणि डोक्यापासून खाली गेलेले छिद्र नीट पाहावे. या छिद्रामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा भाग असावी, असा तर्क केला जातो. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत, म्हणून ती सातवाहनांच्या प्रदेशातून गेली असण्याची शक्यता मांडली जाते. उलट दिशेने आलेला माल पाहायचा असेल, तर कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

तिसरा दिवस हाती असेल, तर त्याच लोकलने एर्कोलानो स्काव्ही स्थानकावर उतरून त्याच उद्रेकात गाडले गेलेले हर्क्युलेनियम हे शहर पाहावे. ते आकाराने लहान असल्याने अर्धा दिवस पुरतो, आणि तेथे जळून काळी पडलेली लाकडी दारे व तुळयाही अजून जागेवर आहेत.