चरणाऱ्या गुरांचा मिथेन घटवणारी चाटण वीट कशी बनवावी

दिवाळीनंतर माळावरचे कुसळी गवत वाळते, त्यातील प्रथिने घटतात आणि कोटीपोटातील (गुरांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) जिवाणूंना नत्र अपुरे पडते. मग चारा सावकाश पचतो, दूध आटते. मिथेन हा हवामान तापवणारा वायू मात्र ढेकरांवाटे जातच राहतो. युरिया व मळी (साखर कारखान्यात उरणारा घट्ट, गोड पाक) यांची चाटण वीट ही नत्राची उणीव भरून काढते. तिने गाईचा मिथेन बंद होतो असे सांगणाऱ्यांवर मुळीच विश्वास ठेवू नये. चारा नीट पचून दूध वाढते आणि लिटरमागे पडणारा मिथेन कमी होतो, हाच तिचा खरा लाभ आहे.

१० किलो मिश्रणासाठी ५ किलो मळी, १ किलो युरिया, अर्धा किलो मीठ, १ किलो चुनकळीची (न विझवलेल्या चुन्याची) पूड व अडीच किलो गव्हाचा कोंडा घ्यावा. खनिज मिश्रण घालायचे असल्यास तेवढा कोंडा कमी करावा.

खरी कसोटी युरिया मुरवण्याची आहे. मळी घट्ट असते म्हणून तीत पाणी ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे, कारण पातळ मिश्रणाची वीट मऊ राहते, जनावर ती चाटण्याऐवजी चावून खाते आणि एकाच वेळी भरमसाट युरिया पोटात जातो. आदल्या संध्याकाळीच युरिया मळीत ढवळून ठेवावा. सकाळी थेंबभर मळी बोटांत चोळून पाहावी आणि कण लागला तर पुन्हा ढवळावे. राहिलेला खडा कोटीपोटात अमोनिया होऊन रक्तात भिनतो आणि काही तासांत जनावर दगावू शकते. युरिया पिण्याच्या पाण्यात तर कधीही कालवू नये.

नंतर मीठ, मग चुनकळी आणि शेवटी कोंडा मिसळावा. चुनकळी तापते व डोळ्यांना घातक असते, म्हणून चष्मा व हातमोजे हवेतच. मिश्रण साच्यात दाबून सावलीत वाळवावे आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडेनासा झाला की वीट वापरावी.

गुरे चरून आल्यावर, भरल्या पोटी, पहिला आठवडा थोडाच वेळ चाटू द्यावे. पुढे मोठ्या जनावराला दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम पुरते. सहा महिन्यांखालील वासरे, घोडे व गाढवे यांना ती देऊ नये. लाळ गळणे, थरथर किंवा पोटफुगी दिसताच वीट काढून पशुवैद्यकाला बोलवावे. वीट पावसात भिजू देऊ नये आणि हिरवे गवत आले की बंद करावी.