कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनरचा पॉवर नॉझल कसा बदलावा

पाईपला बसला म्हणजे नॉझल चालेलच, असं नाही. नवरात्राच्या आधी नाशिकच्या घराघरांत आवराआवर सुरू झाली की गालिचा, सोफा, गाद्या यांसाठी मशीनचं तोंड सारखं बदलावं लागतं. घाईत चुकीचा नॉझल लावला की ब्रशची मोटर जळते किंवा पाईपची खाच तुटते. म्हणून आपल्याकडे काय आहे ते आधी ओळखा.

फिरणारे ब्रश दोन प्रकारचे असतात. टर्बो ब्रश आत ओढल्या जाणाऱ्या हवेवर फिरतो, त्याला वीज लागत नाही. पॉवर नॉझलला स्वतःची छोटी मोटर असते आणि तिला वीज मिळते ती मशीनच्या डब्यापासून येणारी लवचीक नळी आणि तिला जोडलेला कडक पाईप यांच्यातल्या वायरीतून. नळीचं टोक पाहा. हवेच्या भोकाशेजारी धातूच्या पिना किंवा छोटं सॉकेट असेल तर ती वीजवाहक नळी. नुसतं प्लास्टिक असेल तर पॉवर नॉझलचा नाद सोडा आणि टर्बो ब्रश घ्या.

दुसरी गोष्ट मापाची. बहुतेक पाईप ३२ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि नुसतं पाहून हा फरक कळत नाही. पाईपच्या टोकाला बाहेरून दोरा गुंडाळून मोजा: साधारण १० सेंटिमीटर भरला तर ३२चं माप, ११ भरला तर ३५चं. मेन रोडला किंवा शालिमारला खरेदीला जाताना हा आकडा आणि मशीनचा मॉडेल नंबर लिहून न्या. शक्य असेल तर पाईपच सोबत न्या. टर्बो ब्रशला माप जुळलं की पुरतं. पॉवर नॉझल मात्र त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा हवा, कारण पिनांची जागा आणि विजेचा दाब कंपनीगणिक बदलतो. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला १२० व्होल्टचा नॉझल इथल्या २३० व्होल्टच्या मशीनला कधीही लावू नका.

आता प्रत्यक्ष बदल. मशीन बंद करा आणि भिंतीतला प्लगही काढा. नुसत्या बटणावर विसंबू नका. नॉझलवर हलकेच पाय ठेवा, मानेजवळची कळ किंवा पेडल दाबा आणि पाईप सरळ वर ओढा. पिरगाळू नका, पिना वाकतात. काही मॉडेलना पाईपच्या बाहेरून वायर जाते. तिचा प्लग आधी सोडवा.

नवा नॉझल लावण्याआधी पिनांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. पाणी अजिबात नको. खाच खाचेसमोर आणून पाईप आत दाबा. ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. मग हलकं ओढून पाहा. निसटला तर कळ नीट अडकलेली नाही.

प्लग लावा, नॉझल गालिच्यावर ठेवा आणि ब्रशचं बटण सुरू करा. ओढ आहे पण ब्रश फिरत नाही, असं झालं तर पुन्हा प्लग काढून नॉझल उलटा करा. बहुतेक वेळा ब्रशभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. ते कात्रीने कापून काढा. तिथे काही नसेल तर ब्रश फिरवणारा आतला पट्टा तुटलाय किंवा सरकलाय का ते बघा. ब्रश अडकला की मोटर वाचवण्यासाठी वीज तोडणारं रिसेट बटण बऱ्याच नॉझलना असतं. मोटर थंड झाल्यावर ते दाबा.

शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर ब्रश बंदच ठेवा, नाहीतर कचरा ओढला जाण्याऐवजी उडतो. सतरंजीचे गोंडे आणि गालिच्याची झालर ब्रश क्षणात गिळतो, तिथे साधा नॉझल लावा. ओल्या जागी पॉवर नॉझल फिरवू नका.

नळी हलवल्यावर ब्रश थांबत-चालत असेल तर नळीतली वायर तुटत आली आहे. तिथे चिकटपट्टी लावून काम भागवू नका, आख्खी नळी बदला.