लिव्हर-ॲक्शन रायफलींच्या धक्क्याची तुलना करताना या चुका टाळा

लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालची कडी हलवून काडतूस भरायच्या रायफलींच्या काडतुसांबद्दल म्हणतात, ‘.४५-७० खांदा फोडते, .३०-३० मवाळ आहे’. हे अर्धंच खरं. गोळी सुटताना रायफल मागे देते तो धक्का एकट्या कॅलिबरवर (काडतुसाच्या मापावर) ठरत नाही. गोळीचं वजन, तिचा वेग, काडतुसात जळणारी बंदुकीची दारू आणि रायफलीचं वजन, या सगळ्यांचा तो हिशेब असतो. खांद्याला तो कसा लागणार, हे मात्र दस्ता ठरवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोड (काडतुसात कुठली गोळी, किती दारू) न सांगता नुसतं कॅलिबर सांगणं. .४५-७० हे १८७३ सालचं काडतूस. ४०५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) गोळी सेकंदाला सुमारे १३३० फूट वेगाने सोडणारा जुन्या धाटणीचा लोड सात पौंडांच्या रायफलीत साधारण २२ फूट-पौंड (ऊर्जेचं एकक) धक्का देतो. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .३०-३० ची १५० ग्रेनची गोळी ११ च्या आसपास देते. म्हणजे दुप्पट फरक. पण आजच्या मजबूत रायफलींसाठी बनवलेले .४५-७० चे सर्वांत तेज लोड चाळिशीही ओलांडतात. (ते ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या जुन्या, कमी मजबूत रायफलीत घालायचेच नाहीत, तिथे प्रश्न खांद्याचा नाही, बंदूक फुटण्याचा आहे.) एकाच नावाच्या दोन डब्यांत एवढी तफावत असेल, तर ‘.४५-७० चा धक्का’ म्हणजे नेमका कुठला?

‘.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं काडतूस, रायफलीत ते सौम्यच असणार’ हाही असाच गैरसमज. सहा पौंडांच्या कार्बाइनमध्ये (आखूड रायफलीत) २४० ग्रेनचा पूर्ण ताकदीचा लोड १४ फूट-पौंडांच्या घरात जातो, म्हणजे वरच्या .३०-३० पेक्षा जास्त. लोड तोच ठेवून रायफल सहाऐवजी आठ पौंडांची घेतली, तर धक्क्याची ऊर्जा पाव हिश्शाने घटते. म्हणून आधी दोन्ही रायफली वजनकाट्यावर ठेवा, दुर्बीण आणि पट्ट्यासकट. खरोखर मवाळ काही हवं असेल, तर .३५७ मॅग्नमच्या रायफलीत .३८ स्पेशल चालवा.

आता दुखणं. कुठे दुखतं त्यावरून कारण बरंचसं कळतं. खांद्याच्या खळग्यात दोन टोकं रुतत असतील, तर दस्त्याला चंद्रकोरीसारखी पोलादी पट्टी आहे का पाहा. ती खळग्यासाठी नाहीच. कोपर उचलून, दंडाच्या वरच्या भागावर, बाहेरच्या बाजूला टेकवायची असते. रबरी पॅड लावलात तर दस्त्याची लांबी वाढते, तेवढा दस्ता कापून घ्यावा लागतो. गाल शेकत असेल, तर दोष बहुधा खाली झुकलेल्या दस्त्याचा: उघड्या साइट्ससाठी (नळीवरच्या नेम धरायच्या खुणांसाठी) तो ठीक, पण वर दुर्बीण बसवली की गाल अधांतरी राहतो आणि दस्ता उसळून त्यावर आदळतो. मधल्या बोटाचं पेर सोलवटत असेल, तर ते लिव्हरच्या कडीचं काम. कडीला चामड्याची पट्टी गुंडाळणं हा जुना आणि पुरेसा उपाय आहे.

नेमबाजीच्या बेंचवर रायफल टेकवून, पुढे ओणवं होऊन झाडलेल्या गोळ्यांवरून मत बनवू नका. तिथे शरीर मागे झुकू शकत नाही, सगळा मार खांदाच खातो. उभं राहून तीच रायफल वेगळी वाटते. आखूड नळीचा स्फोटासारखा आवाजही मेंदू धक्क्यातच जमा धरतो. इअरप्लगवर इअरमफ चढवून पुन्हा झाडून पाहा.

नेम बिघडला की दोष कॅलिबरला दिला जातो. त्याआधी मॅगझिनमध्ये दुसऱ्या कुणाला एखादं डमी (बिनदारूचं, न उडणारं) काडतूस मिसळायला सांगा. घोडा पडूनही बार निघाला नाही आणि तरी नळी खाली गेली, तर तुम्ही धक्क्याआधीच दचकताय. अशा वेळी मोठं कॅलिबर बाजूला ठेवून हलक्या लोडवर या.

आणि तुलनेचा क्रम हलक्याकडून जडाकडे असू द्या. तेज .४५-७० ने खांदा बधिर झाल्यावर हातात घेतलेल्या .३०-३० बद्दल काहीही मत झालं, तरी ते धरू नका.