हेअर ड्रायर मध्येच बंद पडतो? पावसाळ्यात या चुका टाळा

गेल्या चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी ड्रायर ऐन सकाळी बंद पडला. पाच जणी न्हाऊन बसलेल्या, बाहेर झड लागलेली, अबोलीचे वळेसर ताटात तसेच. वहिनी म्हणाली, "गेला हा, नवाच आणूया." मी मागची जाळी पाहिली. केसांनी आणि टॉवेलच्या धाग्यांनी ती पार बुजली होती. जुन्या टूथब्रशने साफ केली, पंधरा मिनिटं निवू दिलं, आणि ड्रायर पुन्हा सुरू झाला.

बहुतेक बिघाड असेच हवेच्या वाटेत असतात. आतली निक्रोमची तार तापते आणि पंखा ती उष्णता बाहेर ढकलतो. हवा कोंडली की उष्णता आतच साठते, मग दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडते. निवल्यावर पट्टी सरळ होते, म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही. काही ड्रायरमध्ये याशिवाय एक फ्यूज असतो. तो एकदा वितळला की बदलावाच लागतो. "फ्यूज काढून वायर थेट जोडतो" असं कुणी म्हणालं, तर ठाम नकार द्या. तिथे आग लागू शकते.

दुसरी चूक सॉकेटची. १९२० च्या दशकातले हातात धरायचे ड्रायर जेमतेम १०० वॉटचे होते. जड, आणि केस वाळायला फार वेळ लागे. त्याआधी तर काही जणी व्हॅक्यूम क्लीनरमधून बाहेर पडणाऱ्या हवेवर केस वाळवत! आजचा २००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. जुन्या घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. अ‍ॅडॅप्टर लावून त्यात खुपसलं की पिन तापते, प्लास्टिक करपतं. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने सॉकेटमधले पितळी भागही खराब होतात. १६ अँपिअरचंच सॉकेट वापरा.

केस जपायचे म्हणून जुलैत थंड हवेवर वाळवणं, ही खास आपल्याकडची चूक. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून ती पाणी शोषते. थंड हवा आधीच ओली, ती काय शोषणार? थंड झोत शेवटी, केस वाळल्यावर द्या. पाण्यामुळे सुटलेले केसांतले हायड्रोजन बंध गार होताना घट्ट बसतात आणि वळण टिकतं.

मात्र गरम झोत जवळ धरू नका. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये मोजलं, तेव्हा १५ सेंटीमीटरवर ४७ अंश, तर ५ सेंटीमीटरवर ९५ अंश तापमान भरलं. त्याच चाचणीत, १५ सेंटीमीटरवरून ड्रायर सतत हलवत वाळवलेल्या केसांना आतून झालेली इजा आपोआप वाळू दिलेल्या केसांपेक्षाही कमी होती. ओला केस बराच वेळ फुगलेला राहतो, तेही त्याला सोसत नाही.

न्हाणीघरात ड्रायर नकोच. बटण बंद असलं, तरी प्लग लावलेला असेतो आत वीज असू शकते. आणि ठेवताना वायर घट्ट गुंडाळू नका, मुठीच्या बुडाशी आतली तार तुटते. सैल वेढे घालून खुंटीला अडकवा.